तीन पुकारे

‘हाजिर हैऽऽ’मधला ‘है’ तोंडातून निघाला, की सटवाजीच्या कानातला, ऐकायच्या यंत्राचा साचा टपकन बाहेर यायचा आणि वायरीला लोंबकळत छातीवर शिट्टी वाजवायचा.

“परत पडला का?” रुख्मिणी चुलीपासून ओरडली. न ओरडता नवऱ्याशी बोलायची तिची सवय चार वर्षांपूर्वीच सुटली होती.

“पडला.”

“मंग कोर्टात तोंड मिटून पुकारा की!”

सटवाजी तालुक्याच्या कोर्टात पट्टेवाला होता. सव्वीस वर्षं त्याचं काम एकच. आतून नाव आलं, की व्हरांड्यात यायचं, आवारातल्या लिंबाकडं तोंड करायचं आणि तीनदा पुकारायचं. रस्त्यापलीकडच्या हाटेलात बसलेला पक्षकार हातातला चहा अर्धा टाकून पळत सुटायचा, असा आवाज. कान मात्र हळूहळू गेले, आणि ते त्यानं कोर्टात कुणाला सांगितलं नाही. सकाळी बोर्डावरची यादी पाठ करून ठेवायची. आत कारकुनाचे ओठ हलले, की यादीतलं पुढचं नाव पुकारायचं. प्रकरणं ओळीनं चालत, त्यामुळं चार वर्षं निभावलं.

श्रावणात नामांतराचा मोर्चा दुपारी गावातून जायचा होता. एसट्या बंद पडायच्या आत लांबच्या खेड्यांतली माणसं मोकळी व्हावीत म्हणून साहेबांनी यादी त्या दिवशी खालून घेतली. सटवाजी वरूनच पुकारत राहिला. वरची माणसं जवळपासची, ती अजून आलीच नव्हती, त्यामुळं कुणी उठलं नाही. त्यानं आत जाऊन मान हलवली. सव्वीस वर्षांत त्याच्या पुकाऱ्याकडं कान द्यायची आतल्यांनाही सवय राहिली नव्हती. यादीच्या तळाला धुरपताबाई नावाच्या बाईचा पोटगीचा दावा होता, त्यावर ‘गैरहजर’ पडलं आणि दावा काढून टाकला गेला.

धुरपताबाई लिंबाखालीच होती. संध्याकाळी कुलूप लावताना ती जवळ आली.

“माझं नाव कवा पुकारताव, बाबा?”

तिचे ओठ त्याला नीट वाचता आले. तेवढे वाचता आले नसते तर बरं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांपुढं उभा राहिला. “साहेब, त्या बाईला मी पुकारलंच न्हाई. मला ऐकू येत न्हाई.”

दावा पुन्हा लागला. दिवाळीनंतरची तारीख पडली. सटवाजीला साहेबांनी तेवढीच मुदत दिली. तोवर कानाचं काही झालं तर ठीक, नाहीतर रेकॉर्ड रूम. तिथं गठ्ठे बांधायचे असतात. तिथं कुणाला हाक मारावी लागत नाही.

कानाच्या शिबिरातून खिशात ठेवायचं यंत्र मिळालं, पण त्याची रबरी बुची कानात ठरेना. स्वतःच्या कानाच्या मापाचा साचा करून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं.

साच्यासाठी पुण्याच्या एका कंपनीला त्यानं लिहिलं. टपालानं माप घ्यायचा मसाला आला आणि छापील कागद : ‘तोंड मिटून, न हलता बसावे.’ रुख्मिणीनं कानात मसाला भरला आणि सटवाजी पिंडीसारखा बसला. साचा आला तो मखमली डबीत, काचेसारखा लख्ख. गप्प बसलं की असा घट्ट बसायचा, की काय सांगावं! तोंड उघडलं की बाहेर. कंपनीला कळवलं, तर उत्तरही छापीलच : साचा नमुन्याबरहुकूम आहे, नमुना सदोष असल्यास नवीन मागणी नोंदवावी. पुढच्या पत्राला तेवढंही आलं नाही.

दुसरा हैदराबादचा एजंट. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी परभणीच्या एका लॉजवर उतरायचा. “बैठिए चाचा,” म्हणून त्यानं सोडा मागवला. सटवाजीचं यंत्र दोन बोटांनी बाजूला सारलं. “ये तो खिलौना है.” त्याचं यंत्र घेईल त्यालाच तो साचा करून देत असे. त्यानं आपलं यंत्र लावून दाखवलं, आणि खिडकीतली कबुतरं घुमायला लागली. चार वर्षांनी कबुतरं! सटवाजीनं किंमत विचारली, मग आणखी थोडी कबुतरं ऐकली आणि यंत्र काढून ठेवलं.

खाली उतरला तर समोरच्या बोळात पाटी : ‘दातांच्या कवळ्या. कानाचे साचे.’

आत सीताराम. चारठाण्याचा, वाडवडील दगड घडवायचे, हा दात घडवायचा. त्यानं पुण्याचा साचा सटवाजीच्या कानात बसवला आणि कानापुढं बोट ठेवलं.

“उघडा तोंड. मिटा. उघडा. मामा, धंदा काय तुमचा?”

“कोर्टात पुकारतो.”

सीताराम हसला. “मंग मुक्याचं माप कशाला दिलंव? जबडा उघडला की कानातली वाट बदलती. कवळीचं बी तसंच. गप बसवून माप घेतलं तर पहिल्या घासाला कवळी ताटात. मी मसाला घालतो, तुमी पुकारा.”

“हितं?”

“हितंच. घट्ट होईस्तोर थांबायचं न्हाई.”

कोणाला पुकारावं? दुसरं नाव आठवेचना.

“धुरपताबाई भ्रतार सूर्यभाऽऽन, हाजिर हैऽऽ!”

बोळातला सायकलवाला खाली उतरला. बाकावर कवळीसाठी बसलेल्या म्हातारीनं बोळक्या तोंडाला पदर लावला. “काय वं, वारंट निघालंय का कुणाचं?”

“तुमचंच, आजी,” सीताराम म्हणाला. “मामा, थांबू नका.”

निघताना सटवाजीनं खिशात हात घातला.

“ऱ्हाऊ द्या. बसला न्हाई तर परत या. दुसऱ्यांदा बसला न्हाई तरी परत या. पैसे बसल्यावर.”

साचा खरंच दुसऱ्यांदा घासावा लागला. सीतारामनं तोंड वाकडं केलं नाही. साचा कवळीच्याच मसाल्याचा, गुलाबी.

“अगं बया, कानाला हिरड्या फुटल्या जनू,” रुख्मिणी म्हणाली. आणि मग, सवयीपेक्षा हळू, “आलं का ऐकू?”

“आलं.”

तारखेच्या दिवशी धुरपताबाई लिंबाखाली नव्हती. कोर्ट उघडल्यापासून ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती, सटवाजीपासून हातभर अंतरावर. भाकरीचं गठुडं तिनं मांडीवरच धरलं होतं. लिंबावर तिचा भरवसा राहिला नव्हता.

आत कारकुनानं नाव घेतलं. सटवाजीला ते ऐकू आलं, कागदाच्या सळसळीसकट. तो व्हरांड्यात आला, लिंबाकडं तोंड केलं आणि पुकारलं.

साचा जागचा हलला नाही. पण आवाज? हा कुणाचा आवाज? चार वर्षांत त्यानं स्वतःचा पुकारा पुरता ऐकला नव्हता; सीतारामनंही साचा यंत्र न जोडताच पारखला होता. आवाज पहिल्यासारखाच घणघणत असेल, असं तो धरून चालला होता. हा फाटका होता, मध्येच चिरत होता. हाटेलात कुणी मान वर केली नाही.

धुरपताबाई उठून उभी राहिली होती. “आले की, बाबा. हितंच हाय मी.”

पहिल्या पुकाऱ्याला माणूस आलं, की दुसरा देत नाहीत.

सटवाजीनं पुन्हा लिंबाकडं तोंड केलं आणि दुसऱ्यांदा पुकारलं. मग तिसऱ्यांदा.

धुरपताबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला, आणि त्याचं पुरतं होईपर्यंत तिथंच थांबली. मग आत गेली.