पंखा थांबण्याच्या नोंदी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी पौर्णिमा बोडखे हिचा संगणक बंद पडला. ती चहा घेऊन खोलीच्या दारात आली तेव्हा पडदा चालू होता, पण संगणकाच्या उघड्या डब्यातला प्रोसेसरवरचा पंखा फिरत नव्हता. कप टेबलावर ठेवेपर्यंत पडदा काळा झाला. खोलीत फोनला रेंज नव्हती. तिनं अंगणात जाऊन अकोल्याच्या कुलदीपला फोन लावला. संगणक त्याच्याच दुकानातून घेतलेला होता. चार मिनिटांनी ती आत आली, बटण दाबलं आणि पंखा नेहमीसारखा फिरू लागला. "प्रोसेसर जास्त तापल्यानं बंद," एवढाच निरोप पडद्यावर आला.

कामाचा तो दुसरा दिवस होता. पुण्याच्या एका कंपनीकडे शेतकऱ्यांच्या फोनचं रेकॉर्डिंग येतं. यंत्र ते ऐकून आपोआप टाईप करतं. पण 'पाऊस निंगून गेला' किंवा 'मले काई समजून नाई राह्यलं' असं कोणी बोललं की यंत्र गडबडतं. ते दुरुस्त करायला कंपनीला वऱ्हाडातलं माणूस हवं होतं. बी.एस्सी. झाल्यावर सहा वर्षांनी पौर्णिमाला मिळालेलं हे पहिलं काम. घरूनच करायचं, अकोट सोडावं लागणार नव्हतं. चाचणी पंधरा कामाच्या दिवसांची, रविवार सुट्टी. अट एक होती: कामाच्या वेळेत संगणक तीनपेक्षा जास्त वेळा बंद पडला तर चाचणी तिथंच संपेल.

पहिली वेळ झाली होती.

दुसरी शुक्रवारी झाली, दुपारी सव्वाला. सासू-सासरे सकाळीच परतवाड्याला तेरवीला गेले होते आणि नवरा नितेश अकोल्याला कामावर होता. घरात पौर्णिमा एकटीच. लाईट होती, कूलर चालू होता. पंखा थांबला, तीन मिनिटांनी पडदा गेला.

रविवारी डबा गोधडीत गुंडाळून ती एसटीनं अकोल्याला निघाली. कंडक्टरनं मांडीवरच्या गाठोड्याकडे पाहिलं.

"काय हाय हे, बाई?"

"कम्प्युटर."

"मंग तुमची हाफ अन् याची फुल. बाईमानूस थोडी हाय तो!"

मागच्या सीटवरची बाई हसली. पौर्णिमा हसली नाही.

टॉवर चौकाजवळच्या दुकानात कुलदीपनं डबा उघडला आणि ब्रशनं आतला कापूस काढला. मूठभर निघाला.

"ताई, तुमी डबा वापरून राह्यल्या का गादी भरून राह्यल्या?"

घराच्या मागे जिनिंग आहे, असं तिनं सांगितलं. त्यानं प्रोसेसरवरची उष्णता बाहेर काढणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावली आणि संगणक चार तास चालवून ठेवला. पंखा एकदाही थांबला नाही.

"इथं काहून नाई थांबत?" तिनं विचारलं.

"ते त्यालेच माहीत."

तरीही त्यानं पंखा बदलून दिला. पंख्याचा वेग आणि प्रोसेसरचं तापमान दाखवणारा एक प्रोग्राम टाकून दिला. प्रत्येक वेळी काय काय चालू होतं ते लिहून ठेवा, असंही बजावलं.

घरी आल्यावर सासऱ्यांनी, उत्तमरावांनी, डब्याचं बाजूचं झाकण पुन्हा काढलं. कूलरची हवा आत गेली पाहिजे म्हणून उन्हाळा लागल्यापासून ते त्यांनीच काढून ठेवलेलं असायचं.

सोमवारी दोन वाजून पन्नास मिनिटांनी नवा पंखा थांबला. या वेळी पौर्णिमा खुर्चीतच होती. तिनं मोबाईलच्या टॉर्चनं आत पाहिलं. वायर जागेवर होती, पात्यांत काही अडकलेलं नव्हतं. दोन चोपन्नला तो आपोआप सुरू झाला. संगणक बंद पडला नाही. तिनं वहीत लिहिलं: लाईट आहे, कूलर चालू, शेजारची पिठाची चक्की बंद, मी जागेवर.

मंगळवारी अकरा पस्तीसला ती चहाला उठली आणि परत आली तेव्हा पडदा काळा होता. ही तिसरी वेळ.

ती वही घेऊन ओसरीत आली. सासूबाई गोदाबाई गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या.

"मंगळवारच वाईट हाय वाटते याले," पौर्णिमा म्हणाली.

"मंगळवाराले काहून नाव ठेवतं? सासऱ्याले विचार. आता काडी घालून बसले होते त्याच्यात."

"कशात?"

"त्या डब्यात. खराट्याची काडी."

उत्तमराव पेपर वाचत होते. त्यांनी तो खाली ठेवला. लपवण्यासारखं काही त्यांना त्यात वाटत नव्हतं.

"दम खाऊ देल्ला त्याले," ते म्हणाले. "आठ वाजल्यापासून फिरून राह्यला बिचारा. जिनिंगात आमी तीन तासाले मशीन थंडी करत होतो. नाई तं बेरिंग जाते."

"मामाजी, तो पंखाच तं प्रोसेसरले थंड करते."

"अन् पंख्याले कोन थंड करते?"

पौर्णिमा त्यांच्यासमोर खाली बसली.

"चाळीस वर्षं जिनिंगात फिटर होते," गोदाबाई शेंगांकडे पाहत म्हणाल्या. "घरातला पंखा एक डाव पुसला नाई. सुनेच्या पंख्याची लय दया आली."

"तिचं काम टिकलं पायजे म्हनूनच केलं मी!" उत्तमराव चिडले. "पंखा जळला असता मंग?"

"किती डाव केलं, मामाजी?"

"दोन डाव. मांगच्या मंगळवारी अन् आज. दहा मिनिटं बी नाई, मंग काडी काढून घेतली. शुक्रवारी मी परतवाड्याले होतो, हे तुले माहीत हाय. अन् काल तं तू सोता बसली होती तिथं."

पौर्णिमानं वही उघडली. चार नोंदी होत्या. दोन खोडल्या. शुक्रवार आणि सोमवार उरले. शुक्रवारी घरात ती एकटी होती आणि सोमवारी काडी नव्हती, हे तिनं स्वतः पाहिलं होतं.

काडीचं ऐकून कुलदीप फोनवर बराच वेळ हसला. मग थांबला.

"पन ताई, मंग शुक्रवारचं काय?"

"तेच इचारून राह्यली मी."

सोमवारचं तो समजावू शकत होता. या मॉडेलमध्ये एक सेटिंग असतं. प्रोसेसर गार असला की पंखा स्वतःच थांबतो, तापला की सुरू होतो. समोर कूलर, त्यामुळे तसं झालं असेल. शुक्रवारी मात्र प्रोसेसर बंद पडण्याइतका तापला होता आणि तरी पंखा थांबलेलाच होता. ते त्याला जुळवता येईना. पंखा खराब असेल, असं तो आधी म्हणाला; रविवारी काढून ठेवलेला जुना पंखा दुकानात लावून पाहिला तर व्यवस्थित फिरत होता. मग म्हणाला, पॉवर सप्लाय असेल, किंवा बोर्डावरचं पंख्याचं कनेक्शन.

त्याच्या सांगण्यावरून तिनं सहानंतर, काम संपल्यावर, ते सेटिंग बंद केलं. पंखा आता कायम पूर्ण वेगानं फिरायला हवा होता. झाकणही लावून टाकलं.

मग तिनं कंपनीला पत्र लिहिलं. 'सासऱ्यांनी पंख्यात काडी घातली' हे वाक्य लिहून पाहिलं आणि पुसलं. 'तीनपैकी दोन वेळा संगणक घरगुती कारणामुळे बंद पडला, ते कारण आता दूर झालं आहे,' असं कळवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: नोंद घेतली आहे. त्या दोन वेळा मोजणीतून वगळल्या की नाही, ते त्यात नव्हतं. तिनं पुन्हा विचारलं. त्याला उत्तर आलं नाही.

बुधवारी आणि गुरुवारी पंखा पूर्ण वेगानं फिरला. उत्तमराव त्या खोलीत गेले नाहीत. चहाच्या वेळी दारातूनच विचारायचे, "चालू हाय ना?"

शुक्रवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी पडद्यावरचा पंख्याचा वेग शून्य झाला. झाकण लावलेलं होतं, सेटिंग बंद होतं, लाईट होती. तापमान एकसष्ट होतं. पौर्णिमानं कूलर डब्याच्या अगदी जवळ ओढला आणि फाईल जतन केली. एकोणऐंशी झालं. ब्याऐंशी झालं. उत्तमराव दारात आले आणि त्यांनी दोन्ही हात वर करून रिकामे दाखवले.

तीन चोवीसला पंखा सुरू झाला. संगणक बंद पडला नाही. कुलदीपचा फोन लागला नाही. चाचणीचे चार दिवस बाकी आहेत.