दार कुठल्या रस्त्याला उघडतं?

शिक्षण कार्यालयात तिला सगळे ‘पोथीवाली’ म्हणायचे. कामच तसं होतं तिचं. पत्ता टाकला की ते घर कुठल्या शाळा-विभागात येतं हे सांगणारी एक शोधसोय कार्यालयाने काढली होती आणि ती कशी वापरायची, हे पोथीवाली लिहीत होती. माणसांसाठी नाही हं! लोकांच्या फोनमधल्या एआय एजंटांसाठी. हल्ली आईबाप स्वतः थोडेच शोधतात? ते एजंटाला विचारतात, एजंट शोधसोयीला विचारतो, आणि आलेलं उत्तर कसं वाचायचं ते पोथीवालीच्या पानांतून शिकतो. चाळीस पानं झाली होती. त्यात एक शब्द फुकटचा नाही, असा तिचा तोरा होता.

तिच्या टेबलाला लागूनच चौकशीची खिडकी, आणि खिडकीवर आक्का. तीस वर्षं त्या तिथे बसून लोकांना विभाग सांगत आलेल्या. आता रांग आटली होती, तरी आक्का नऊच्या ठोक्याला हजर. पोथीवालीला त्यांची जरा कीवच यायची. खोटं कशाला बोला!

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी दोनला, एक सुतार खिडकीशी आला. शर्टावर भुसा तसाच. बरोबर सहा वर्षांची मुलगी, कानामागे श्रवणयंत्र.

“बाई, हिला ऐकू कमी येतं. खुणांनी शिकवणाऱ्या बाई फक्त उत्तर विभागाच्या शाळेत आहेत. आणि फोन म्हणतो, तुम्ही दक्षिणेत. शाळेने अर्जच घेतला नाही हो.”

आक्कांनी पत्ता वाचला. कॉम्प्युटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“दार कुठल्या रस्त्याला उघडतं?”

“म्हणजे?”

“अहो, घरात शिरता कुठून?”

“मागच्या गल्लीतून. रस्ता रुंद केला तेव्हा आमच्या अख्ख्या ओळीची पुढची दारं बुजवली ना!”

“मग उत्तर विभागच की! ती ओळ बरोबर सीमेवर येते. सीमेवरच्या घराचा विभाग दारावरून ठरतो, नियमच आहे तसा.” बोलता बोलता आक्कांनी दाखला लिहिला, शिक्का मारला आणि मुख्याध्यापिकेला फोन लावला. “सुतार येतायत मुलीला घेऊन. परत पाठवलंत तर गाठ माझ्याशी आहे!”

पाच मिनिटांत काम फत्ते. सुताराने मुलीला हातांनी काहीतरी सांगितलं, तशी ती टाचा उंचावून आक्कांकडे बघून हसली.

पोथीवाली बघतच राहिली. चाळीस पानांत जे नव्हतं, ते या बाईने एका प्रश्नात काढलं! काय डोकं म्हणायचं हे! तिने तोच पत्ता शोधसोयीत टाकून पाहिला. उत्तर आलं: ‘दक्षिण. खात्री: कमी.’ खात्रीच्या या रकान्याबद्दल पान अकरावर तिने काय लिहिलं होतं? ‘हा रकाना वगळला तरी चालतो.’ का, तर पानं आटोपशीर दिसावीत! एजंट बिचारे आज्ञाधारक, त्यांनी वगळला.

“आक्का,” ती म्हणाली, “माती खाल्ली मी.” आणि सगळं सांगून टाकलं.

आक्का रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, “आणखी कुणाला असं सांगितलं गेलंय, ते दिसतं का तुला?”

शोधसोयीच्या नोंदींत दिसत होतं. त्याच ओळीतली आणखी सात घरं. फोन नंबर एकाचाही नाही, नुसते पत्ते.

“पाचला शाळा अर्ज बंद करते,” आक्का म्हणाल्या. “आधी तुझं ते वाक्य नीट कर, नाहीतर आणखी एका घराची भर पडेल. तोवर मी दाखले लिहिते.”

पोथीवालीने लिहिलं: ‘खात्री कमी असेल तर विभाग सांगू नका. आधी विचारा, घराचं दार कुठल्या रस्त्याला उघडतं?’ मान वर करते तो आक्का पिशवीत कोरे अर्ज कोंबून चपला घालत होत्या.

“अहो, खिडकी कोण बघणार?” साहेबांनी केबिनमधून विचारलं.

“तुम्ही बसा की तासभर!” आक्का म्हणाल्या आणि निघाल्या.

गुडघे दुखायचे त्यांचे, पण त्या दिवशी पोथीवालीचीच दमछाक झाली. सहा घरी आक्काच बोलल्या. दारं गल्लीकडे आहेत ना ते पाहायचं, दाखला द्यायचा, अर्जावर सही घ्यायची आणि माणसं शाळेकडे पिटाळायची. असं काम करणारं माणूस आपल्या शेजारी बसतं आणि आपण त्याची कीव करतो, या विचाराने पोथीवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सातव्या घराच्या पायरीवर आक्का बसल्या. “दम लागला गं. आता तू.”

तिने कडी वाजवली. एका आजींनी दार उघडलं, दाखला बघितला आणि मान हलवली. “नको बाई. ती शाळा आमची नाही, असं फोनने सांगितलं. सकाळभर रडली नात, आत्ता कुठे झोपलीय.”

एजंटाचं चुकलं, असं म्हणून सुटता आलं असतं.

“आजी, ते मी लिहिलं होतं,” पोथीवाली म्हणाली. “चूक माझी आहे. चार वीस झालेत, अजून वेळ आहे. मी येते तुमच्याबरोबर.”

आजींनी दाखला हातात घेतला. मग आत वळून ओरडल्या, “ऊठ गं बाई, ऊठ! आवर पटकन! मिळतेय तुला ती शाळा!”