शेवटच्या बाकावर

"चर्चला येतो मी, पण प्रभुभोजनाआधी उठणार," एका पायात मोजा घालून बसलेले रंगारी मामा म्हणाले. "आत्ताच सांगून ठेवतो. मग चारचौघांत अडवायचं नाही."

"दुसरा मोजा घाला आधी," मामी म्हणाल्या.

मामांनी जन्मभर लोकांची घरं रंगवली. भिंत आणि छत जिथे मिळतात तिथली रेघ ते पट्टी न लावता एका दमात ओढायचे. अशा माणसाचे हात म्हातारपणी थरथरायला लागले. मामांनी ते खिशात ठेवायला सुरुवात केली आणि त्याबद्दल घरात बोलायलाही बंदी घातली. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. मदत मागणं म्हणजे त्यांच्या लेखी भीक मागणंच.

त्यांच्या चर्चच्या मंडळीत चार देशांची माणसं होती. गाण्याची चाल एक, शब्द चार भाषांतले आणि सूर ज्याचा त्याचा. देव सांभाळून घेत असावा. प्रभुभोजनाचा प्याला मात्र कुणी आपला आपण उचलायचा नाही, अशी रीत होती. पाळक प्रत्येक बाकासाठी तो नव्याने भरत. मग शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या हाती द्यायचा आणि आपल्या भाषेत म्हणायचं, "तुझ्यासाठी."

गेल्या महिन्यात हा प्याला मामांच्या हातून निसटला आणि सगळा द्राक्षरस शेजारी बसणाऱ्या नर्सबाईंच्या पांढऱ्या कपड्यांवर सांडला. कुणी चकार शब्द काढला नाही, तेच मामांना जास्त लागलं. दोन दिवसांनी पाळक घरी आले आणि "तुमच्यापुरती वेगळी वाटी ठेवू का?" असं त्यांनी मायेनेच विचारलं. मामांनी त्यांना चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं.

"वेगळी वाटी परक्याला देतात," ते मामींना म्हणाले होते. "इतकी वर्षं गेली, आता मी परका झालो."

म्हणून आज ते शेवटच्या बाकावर दाराशी जाऊन बसले. मामी त्यांच्या पलीकडे, बाहेर पडायच्या टोकाला. पहिलं गाणं संपतंय तोच नर्सबाई मागे आल्या. "सरका मामा, पुढे फार उकडतंय." त्यांच्या मागून कॅन्टीनवाल्या काकू आल्या आणि शेवटी ट्रकवाला, ज्याला बसायला दोन माणसांची जागा लागे. त्यांचा नेहमीचा पुढचा बाक ओस पडला.

भोजनाची प्रार्थना सुरू झाली तसे मामा उठले. "वाट दे."

"गुडघे धरलेत माझे," मामी समोर बघत म्हणाल्या.

"आत्ताच बरे धरले?"

"वय झालं आता."

तेवढ्यात पाळक प्याला घेऊन आलेच. मामा खाली बसले, हात खिशात खोल घालून. प्याला ट्रकवाल्याकडून काकूंकडे गेला, काकूंकडून नर्सबाईंकडे. नर्सबाई प्यायल्या, मामांकडे वळल्या, "तुझ्या..." म्हणाल्या आणि थांबल्या. मामांनी डोकावून पाहिलं. प्याला कोरडा होता.

"मी अर्धाच भरला होता," पाळक चाचरत म्हणाले. "म्हटलं, हिंदकळायला नको."

"मी मोठा घोट घेतला," काकू म्हणाल्या. "मामांना हलका पडावा म्हणून."

"मीपण," ट्रकवाला म्हणाला. त्याचा घोट केवढा असेल ते सांगायला नको.

"मला वाटलं, तळाशी थोडा तरी राहील," म्हणताना नर्सबाईंचे डोळे भरून आले.

मामांना राग आला, खरोखरच आला. पण तो घशापर्यंत येतोय तोवर त्यांच्या ध्यानात आलं, की गेला महिनाभर ही माणसं आपापल्या घरी, आपापल्या भाषेत, त्यांच्याच हातांची काळजी करत बसली होती. परक्याचा एवढा घोर कोण लावून घेतो? त्यांना हसू फुटलं.

"अतिशहाणी माणसं! एकाने तरी मला विचारायचं."

"तुम्ही सांगितलं असतंत?" नर्सबाईंनी विचारलं.

मामांनी हात खिशातून बाहेर काढले. सगळ्यांच्या देखत ते थरथरत होते.

"भरा, पाळकबुवा. काठोकाठ भरा," ते म्हणाले. मग नर्सबाईंकडे वळून हलक्या आवाजात, "आणि पोरी, तू खालून धर. मला एकट्याला नाही जमायचं."

मामींनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात असलं वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं.

नर्सबाईंनी प्याल्याखाली दोन्ही तळहात धरले. मामा प्यायले. थोडा रस मनगटावरून बाहीत उतरला, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. मग चार हातांनी प्याला मामींच्या ओठांशी नेला.

"तुझ्यासाठी," मामा म्हणाले.

मामींच्या हनुवटीवरून एक ओघळ गळ्यापर्यंत आला. रुमाल मांडीवरच होता. शेवटचं गाणं संपेपर्यंत त्यांनी तो उचलला नाही.