अळणी पान

बाबली तांडेलाने अंगणाच्या पश्चिम कडेला केळीचं पान मांडलं, शेंडा समुद्राकडे केला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून दोन बाजूंना दोन खडे ठेवले. बाकीची पानं तुळशीपाशी मांडून झाली होती. देवाचं, घरच्या पूर्वजांचं, वेशीवरच्या राखणदाराचं. देवदिवाळीला एवढी पानं घरोघर असतात. पश्चिमेचं हे पान मात्र गावात याच घरी.

"मामानू, ह्या वर्साक ता पान नको," मागच्या दारातून सून यशोदा म्हणाली.

"तेका उपाशी ठेवू?"

"आज वालावलचे येतले. दोन सोयरिकी ह्याच पानापायी मोडल्यो. सुगंधाक तेविसावा लागला."

नातीचं वय बाबलीलाही मोजता येत होतं.

ते पान दर्याआजोचं. कुठल्या काळी कोण जाणे, खडकांवर एक गलबत फुटलं आणि फळीला धरून एक माणूस किनाऱ्याला लागला. अरब म्हणा, हबशी म्हणा, फिरंगी म्हणा; सांगणाऱ्याची जशी लहर. पोटात खारं पाणी इतकं गेलेलं की घरातल्या पोरीने पेज पाजली तीही मिठामुळे ओकला. मग तिने त्याच्यासाठी अळणी शिजवलं. तो जगला, राहिला, त्याच पोरीचा घो झाला. त्याचे घारे डोळेही घरात राहिले. बाबलीच्या एका डोळ्यात आता मोतीबिंदू उतरला होता, पण सुगंधाचे दोन्ही अगदी तसेच. शिमग्यात गाव यावरून थट्टा करी आणि लग्नाच्या वेळी हीच थट्टा कागाळी होऊन पुढे जाई.

"पान ठेवतंय," बाबली शेवटी म्हणाला. "तोंडान काय्येक सांगूचंय नाय."

यशोदा कुरकुरत आत गेली, पण मीठ घालण्याआधी लहान भांड्यात काढून ठेवलेला भात आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं घेऊनच बाहेर आली. पंचवीस वर्षांची सवय, हात ऐकत नव्हता.

वालावलहून नवऱ्या मुलाचा चुलता आला, विसू मास्तर. मुलगा मुंबईच्या गोदीत कारकून होता. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, बोलणं मात्र अजून फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं. सुगंधाने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला तेव्हा ते तिच्याकडे जरा वेळ पाहत राहिले.

"डोळे घारे आहेत हो मुलीचे."

ओटीच्या दारात यशोदाचा हात पदरावरच थांबला.

"आमच्याही घराण्यात होते," मास्तर खुशीत म्हणाले. "आपली मूळ माणसं उत्तरेची. तिकडची नदी आटली तशी निघाली, ती मजल दरमजल करत इथवर आली. ही त्यांची खूण. नाहीतर या किनाऱ्यावर गलबतं फुटायची, कोण कोण वर यायचं. कुणाच्या घरात काय मिसळलंय, कोण सांगणार? तसलं काही निघालं तर आम्ही उठून जातो. तुम्ही उत्तरेचेच ना, तांडेलानू?"

पन्नास वर्षं ध्रुवावर नजर ठेवून होडी हाकलेल्या बाबलीला उत्तर कुठे ते कुणी सांगायला नको होतं. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात यशोदा म्हणाली, "होय तर. उत्तरेकडचेच आमी."

मास्तर समाधानाने अंगणात उतरले.

"आणि ते एकटं पान कुणाचं?"

यशोदाने सासऱ्याकडे पाहिलं. सुगंधानेही पाहिलं.

"गायीचा," बाबली म्हणाला.

"मग तिला कशाला ताटकळत ठेवायचं?" मास्तरांनी वाकून खडे बाजूला केले, पान दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि गोठ्याशी नेलं. भला माणूस. गायीने आधी भात खाल्ला, मग सांबारं चाटलं, मग पानही ओढून घेतलं. बाबली तिथेच उभा होता. आयुष्यात एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती. गाय शांतपणे रवंथ करू लागली.

मग पंगत बसली. बाबली मास्तरांच्या शेजारी बसला, भूक नसताना. सुगंधा वाढत होती.

"सांबारं फक्कड. मीठ कसं नेमकं पडलंय," मास्तर म्हणाले. "आम्हाला मुलगी पसंत आहे. तिथी काढूया."

यशोदाने देवाकडे वळून हात जोडले. बाबलीने पहिला घास तोंडात घातला आणि चावायचा थांबला. सांबारं अळणी होतं. भातही. त्याने मान वर केली. सुगंधा अळणी भाताचं तेच लहान भांडं घेऊन समोर उभी होती, नजर खाली.

"तुम्हाला मीठ हवंय का?" मास्तरांनी त्याचा थांबलेला हात पाहून विचारलं.

"नको. बरा आसा."

तो खाऊ लागला. एक शीतही टाकायचं नव्हतं.

"आमच्या घरी आलीस की मुलाबाळांना सांगशील ना," मास्तर कौतुकाने सुगंधाला म्हणाले, "आपण कुठून आलो ते?"

"सांगेन," सुगंधा शाळेतल्या स्वच्छ मराठीत म्हणाली आणि भांड्यातला उरलेला अळणी भात तिने आजोबाच्या पानात घातला.