एक शिंग त्याचं, एक शिंग माझं

मित्रांनो, मी ब्रश आहे. जुना म्हणालात तर चालेल, पण टाकाऊ म्हणालात तर आपलं जमायचं नाही. जिंतूरच्या बाजारातून सटवाजीनं मला आणलं, तेव्हा माझे केस दाट आणि सरळ होते. चारठाण्याजवळच्या खेड्यात सटवाजीची शेती होती. दारात हौशा आणि चांद्या ही बैलजोडी, घरात बायको कमलबाई. वर्षभर मी कोनाड्यात पडून असायचो. माझं काम एकच, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायची.

तुम्ही म्हणाल, वर्षातून एक दिवस काम, त्यात काय मोठं? अरे, पण तो दिवस कसला! सटवाजी जीभ दातांत धरून मला लाल रंगाच्या वाटीत बुडवायचा आणि शिंगाच्या बुडापासून टोकापर्यंत सावकाश न्यायचा. बैलाच्या डोळ्याजवळ आला की श्वास रोखून धरायचा. लोक म्हणायचे, शिंगं रंगवावीत तर सटवाजीनं. मी मनात म्हणायचो, सटवाजीनं नव्हे हो, मी! काम झालं की तो मला रॉकेलात धुऊन, केस बोटांनी नीट करून ठेवायचा. असा माझा थाट होता.

मग एकोणनव्वद सालचा पोळा आला आणि माझ्या सुखाला दृष्ट लागली. सटवाजीचा धाकटा भाऊ दत्तराव परभणीला कचेरीत कारकून होता. तो हैदराबादहून रंगाचा एक फवाऱ्याचा डबा घेऊन आला. डबा उंच, सडपातळ, डोक्यावर टोपी, अंगावर चकचकीत कपडे. काय तो नखरा! दत्तराव म्हणाला की यात सोनेरी रंग आहे, वरचं बटण दाबलं की झालं, ब्रश लागत नाही. ब्रश लागत नाही! माझ्यादेखत! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दत्तरावानं हौशाचे डोळे फडक्यानं झाकले, वारा पाठीशी घेतला आणि डबा खूप हलवला. आत गोळी खडखडली. मग त्यानं बटण दाबलं. शूं! मी वाट पाहत होतो की रंग ओघळेल, बैल उधळेल, डब्याची चांगली फजिती होईल. कसलं काय! बघता बघता हौशाची शिंगं सोन्यासारखी झळकू लागली. लोक आपापले बैल सोडून आमच्या अंगणात जमले. शेजारची नर्मदाबाई नेहमी एका डोळ्यावर पदर ओढून असायची, तीही पुढं येऊन बघत बसली. माझ्या कोनाड्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

चांद्याचं एक शिंग झालं आणि चहा आला. दोघं भाऊ चहाला बसले. कमलबाईनं अंगणात चूल मांडून पुरणपोळ्या घातल्या होत्या, तिच्याजवळच उन्हात तो डबा उभा राहिला. चहा झाल्यावर दत्तरावानं बटण दाबलं, तर काहीच नाही. रंग वाळून डब्याचं तोंड बुजलं होतं. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

पण तिकडे मारुतीच्या देवळापुढं हलगी वाजू लागली. एकच शिंग रंगवलेला बैल मिरवायला नेला तर गाव हसणार. आता या घरात डबा म्हटलं की खिळा आणि दगड. तेलाचा डबा आणला की सटवाजी त्याला दोन भोकं पाडायचा आणि तेल ओतून घ्यायचा. तोच खिळा त्यानं आणला. म्हणाला, "भोक पाडू, रंग वाटीत काढू, आन् बुरसानं लावू."

मित्रांनो, हे ऐकून मी हरखूनच गेलो. त्या तोऱ्याच्या डब्याचं पोट फुटणार आणि त्याचं सोनं माझ्या केसांना लागणार! पाड बाबा, लवकर पाड, असं मला झालं. डब्यावर इंग्रजीत भोक पाडू नका म्हणून लिहिलंय, असं दत्तराव पुटपुटला. पण थोरल्या भावापुढं त्याचा आवाज निघेना. सटवाजीनं खिळा टेकवला, दगड उचलला. शेजारी चूल धडधडत होती.

तव्यावरची पोळी तशीच टाकून कमलबाई उठली आणि तिनं पिठाचा हात खिळ्याच्या डोक्यावर ठेवला.

"आधी माझ्या हातावर मारा," ती म्हणाली.

"सोड गं. हलगी वाजायलीय."

"स्टोव्हातली हवा सोडल्याबिगर तुमी त्याचं टोपण काढता का? ह्याच्यात तर हवा कोंडूनच दिलीय. नर्मदाबाईचा डोळा स्टोव्हानं गेला, इसरलात?"

 नर्मदाबाईनं डोळ्यावरचा पदर मागं घेतला. सटवाजीनं तिकडे पाहिलं आणि दगड खाली ठेवला.

कमलबाईनं डबा चुलीपासून लांब, सावलीत नेऊन ठेवला. चांद्याचं दुसरं शिंग मीच रंगवलं, पण लाल. हातातोंडाशी आलेलं सोनं गेलं म्हणून मी फणफणत होतो. मिरवणुकीत लोक थोडं हसले, आणि बघितलं सगळ्यांनी सोनेरी शिंगाकडंच. दुसऱ्या दिवशी दत्तरावानं ते बटण उपटून रॉकेलात भिजवलं, तर मेला डबा पुन्हा सुरू!

आता माझे केस झडले आहेत. त्या डब्याची बाजू घेणं माझ्या जिवावर येतं, तरी सांगतो. त्याच्याशी नीट वागा. त्याला भोक पाडू नका, रिकामा झाला तरी नाही. चुलीत टाकू नका, उन्हात ठेवू नका. तोंड आपल्याकडे करून दाबू नका. तोंड बुजलं तर मोठ्या माणसाला सांगा. आणि अधूनमधून कोनाड्यातल्या ब्रशालाही विचारत जा.

त्या पोळ्याच्या संध्याकाळी सटवाजी चांद्यापुढं बराच वेळ उभा होता. कमलबाईला म्हणाला, "काय बी म्हण, सोनेरीच लय भारी दिसतंय." मला ते झोंबलं. आजही झोंबतं. पण मित्रांनो, तो ते आपल्या दोन्ही डोळ्यांनी बघून म्हणाला.