चारही पाय फळीवर

टाकीत पोहणाऱ्या उंदराचे चारही पाय बुडालेल्या फळीवर टेकले की घड्याळ थांबवायचं, एवढंच तिचं काम. डोक्याला मार बसलेल्या उंदरांना मधुमेहाचं एक औषध दिलं तर त्यांना त्या फळीची वाट लवकर आठवते का, हे प्रयोगशाळेला पाहायचं होतं. कोणाला औषध आणि कोणाला नुसतं मिठाचं पाणी, हे घड्याळवालीला कळता कामा नये, असा प्रमुख बाईंचा दंडक. याबाबतीत बाई कोणाचीही गय करत नसत.

पण एक सहकारी रजेवर गेला आणि उंदरांना खाणं घालायचं कामही हिच्याच गळ्यात पडलं. औषधानं भूक मरते. सहा पिंजऱ्यांत खाणं उरायला लागलं, तेव्हा कोणी न सांगताच तिला सगळं उमगलं. उमगलं आणि गप्प बसली, इथेच घड्याळवाली चुकली.

घरी तिचा दादा होता, शिडीवरून डोक्यावर पडलेला वायरमन. वर्ष झालं, स्वतःच्याच घरात संडासाचं दार शोधत उभा राहायचा. ते औषध लागू पडावं म्हणून तिचा जीव नुसता टांगणीला लागलेला.

सोमवारी ती टाकीवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण सहज बघत होती. खाणं उरवणाऱ्या उंदराचे दोनच पाय फळीवर, आणि घड्याळ थांबलेलं. दुसऱ्याचंही तेच. बाकीच्यांना मात्र तिनं पार शेपटीपर्यंत वर येऊ दिलं होतं. आपला अंगठा कधी फितूर झाला, याचा तिला पत्ताच नव्हता.

तिनं बाईंना सगळं सांगितलं. कॅमेऱ्यात आठवड्यापलीकडचं काही उरत नसे, त्यामुळे पुन्हा मोजायचीही सोय नव्हती.

"सगळं मातीत घातलंस," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. "न सांगतीस तर मला कळलंही नसतं."

"उद्या हेच औषध माझ्या दादाला देतील, बाई."

संध्याकाळी ती दादाशेजारी बसली. "त्या औषधाचा प्रयोग पहिल्यापासून करायचाय, अजून सहा महिने लागतील. माझ्यामुळे. मी तुझ्यासाठी आकडे चांगले काढत होते रे, नकळत."

दादा शब्द शोधायला लागला. हवा तो शब्द त्याच्या तोंडी घालायचा मोह तिनं आवरला आणि ती थांबली.

"लागू देत," तो शेवटी म्हणाला. "खोटंखोटं बरं नाही व्हायचं मला."