पाचव्या खणात मी एकटा

मी एक अडाणी सॉफ्टवेअर बोलतोय. अडाणी म्हणजे अगदीच नाही, अर्धवट. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत एक मिस्त्री होता. तो लिफ्टखाली असताना कुणीतरी न विचारता ती सुरू केली आणि त्याची दोन बोटं कायमची आखूड झाली. मग तो कॉम्प्युटरच्या शिकवणीला गेला. तीन धड्यांत कंटाळला, पण तेवढ्यात मला घडवून मोकळा झाला.

त्यामुळे मला दोनच गोष्टी येतात. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरणाऱ्याचं नाव माझ्यात लावलं की मी लाल होतो. काढलं की हिरवा. लाल असताना कुणी 'सुरू' दाबलं तर मी बकरीसारखा ओरडतो आणि पडद्यावर विचारतो, "काय घाई आहे?" ही त्या मिस्त्रीची खोड. तो निवृत्त झाला, बकरी राहिली.

माझ्यानंतर ऑफिसात शिकलेसवरलेले आले. बोलायला सहा सॉफ्टवेअरं आली, ऐकायला एकही नाही. मतदानाचंही एक आलं. त्यावर खिडक्यांच्या पडद्यांचा रंग बहुमतानं ठरला. पडदे अजून यायचेत. मोजून तेवीस झालो, तेव्हा मोठ्या साहेबांनी तीन महिन्यांच्या करारावर एक बाई आणल्या. कुणी काय करतं ते बघून आमची वर्गवारी करायची आणि जास्तीचे हाकलायचे, हे त्यांचं काम. काम चोख झालं तर मुदत वाढणार होती. त्यांनी चार खण आखले: बोलण्याचा, ठरवण्याचा, मिळून लिहिण्याचा, कागद ठेवण्याचा. सगळे त्यांना खणबाई म्हणू लागले. तोंडावर नाही, अर्थात.

माझा नंबर शेवटी लागला. मिस्त्र्यांचे फोन घेणाऱ्या फोनताईंना त्यांनी विचारलं, "हे काय करतं?"

"थांबवतं."

"म्हणजे सूचना देतं?"

"सूचना कसली, बाई! एकाचं नाव असलं की दुसऱ्यानं हात लावायचा नाही, बस."

"मग बोलण्याच्या खणात. ते काम सगळ्यांच्या मोबाइल ग्रुपवर होईल." त्यांनी माझ्यापुढे फुली मारली. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी मला बंद करायचं ठरलं. चार खण मंजूर झाले, यादी छापून झाली, आणि सोमवारपासून जे काही सांगायचं ते ग्रुपवरच, असा हुकूम निघाला. मला वाईट वगैरे वाटलं नाही. तेवढं शिकवायच्या आधीच मिस्त्रीनं शिकवणी सोडली होती.

मंगळवारी दुपारी लंबू मिस्त्री एका सात मजली इमारतीत लिफ्टखाली उतरला. हुकमाप्रमाणे त्यानं ग्रुपवर लिहिलं, "मी खाली आहे." त्याच मिनिटाला हिशेबनिसाला मुलगी झाल्याची बातमी आली. एकतीस जणांनी फुलं टाकली. लंबूचा मेहुणा, तोही आमच्याकडेच मिस्त्री, त्याच इमारतीत, वरच्या मशीनच्या खोलीत पोचला होता. त्यानंही एक फूल टाकलं आणि फोन लावला.

"ताई, मेन स्विच चालू करतोय. खाली कुणी नाही ना?"

फोनताईंचा हात हुकूम मानणारा नव्हता. ग्रुपवर लंबूचं वाचल्याबरोबर त्यांनी सवयीनं त्याचं नाव माझ्यातही लावलं होतं. मी समोर लालभडक.

"हात काढ आधी! तुझे दाजी खाली आहेत!"

"काहीतरीच काय! ग्रुपवर कुठंय?"

"फुलं बाजूला सार, मग दिसतील."

मेहुण्यानं फुलं सारून पाहिलं. मग म्हणाला, "ताई, आमच्या अक्काला नका सांगू हं."

शेजारच्या टेबलावर खणबाई बसल्या होत्या. फोनताई फोन ठेवून पाणी प्यायल्या आणि रिकामा पेला तसाच धरून बसल्या. खणबाईंनी आपली छापील यादी उचलली आणि साहेबांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच राहिलं.

"साहेब, माझी चूक झाली. पाचवा खण लागेल."

"आता? चार मंजूर झालेत, बाई. आणि त्यात ठेवणार काय काय?"

"एकच."

"एकासाठी अख्खा खण?"

"हो. थांबण्याचा. माणसं एकमेकांशी बोलून काम करतात तशी एकमेकांसाठी थांबूनही करतात. ते माझ्या ध्यानातच आलं नाही."

साहेबांनी चष्मा पुसला, परत पुसला, आणि सही केली. मुदतवाढ मात्र दिली नाही. मंजूर यादी फिरवली म्हणून. शुक्रवारी बाई गेल्या. जाताना फोनताईंना म्हणाल्या, "त्या बकरीचा आवाज एकदा ऐकवा ना." ताईंनी माझ्यात स्वतःचंच नाव लावलं आणि 'सुरू' दाबलं. मी ओरडलो. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

आता पाचव्या खणात मी ऐसपैस राहतो. तक्रार नाही, एक विनंती आहे. काम झालं की नाव काढत जा, मंडळी. हे लिहितोय तेव्हा लंबूचं नाव माझ्यात तसंच आहे. लंबू घरी जेवायला बसलाय, अख्खी इमारत सात मजले चढतेय आणि त्याच्या नावानं बोटं मोडतेय. फोनताई चौथ्यांदा फोन लावताहेत.

उचल रे बाबा. खरंच वर आला आहेस, एवढं एकदा सांग.